काळ्या थरावरचा आळ

ज्याचे बालपण सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात गेले, त्याला चुनखडकाविषयी थोडे परकेपण वाटावे हे स्वाभाविकच आहे. कारण बेसाल्ट हा भूगर्भातून आयता ओतला गेलेला आणि जागच्या जागी थिजलेला खडक, तर चुनखडक बहुधा सजीवांनी आपल्या कवचांतून आणि सांगाड्यांतून कणाकणाने रचलेला, एका अर्थी कष्टार्जित. उथळ, उबदार आणि निवळशंख समुद्रात असे जीव लक्षावधी वर्षे एकाच जागी वस्ती करून राहिले, म्हणजे सपाट माथ्याचे अफाट चौथरे उभे राहतात. खालचा तळ हळूहळू खचत जातो, वरचे जीव प्रकाशाची पातळी सोडावयास तयार नसतात, आणि या वहिवाटीत खंड पडला नाही तर चौथऱ्याची जाडी शेकडो मीटरांवर जाते. पॅसिफिक महासागराच्या मध्यभागी बुडालेल्या रेझोल्यूशन नावाच्या पर्वतावर १९९२ साली छिद्र पाडण्यात आले, तेव्हा मूळच्या ज्वालामुखी खडकापर्यंत पोहोचण्यास सुमारे १,६०० मीटर चुनखडक भेदावा लागला, आणि तो उथळ पाण्यात घडलेला होता.

असे चौथरे मरतात कसे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. भूवैज्ञानिक वोल्फगांग श्लागर यांनी १९८१ साली त्याचे कोडे नेमक्या शब्दांत मांडले. निरोगी प्रवाळभित्ति वर्षाला एक मिलिमीटरच्या आसपास सहज वाढू शकते, आणि समुद्रतळाचे दीर्घकालीन खचणे त्या वेगाच्या दशांशाहून, पुष्कळदा शतांशाहूनही अधिक नसते; तेव्हा हिशेबाने पाहता चौथरा बुडावयासच नको. तरी भूस्तरांच्या दप्तरात बुडालेल्या चौथऱ्यांचे दाखले जागोजाग सापडतात. ज्याची वाढ बुडण्याच्या वेगाहून कितीतरी पटींनी अधिक आहे तो बुडतो, याचा अर्थ बुडण्यापूर्वीच त्याचे काही बिघडलेले असते.

बिघडविणारा कोण, याचा शोध सुरू झाला तेव्हा संशयित जणू समोरच उभा होता. इटलीतील गोर्गो आ चेर्बारा येथील डोंगरउतारावर, खोल समुद्रात साचलेल्या शुभ्र चुनखडकाच्या वर, जेमतेम दोन मीटर जाडीचा एक काळसर पट्टा आहे; त्याला भूवैज्ञानिक राइमोंदो सेल्ली यांचे नाव दिलेले आहे. सुमारे बारा कोटी वर्षांपूर्वी, क्रिटेशस काळात, दहा लक्ष वर्षांच्या आसपास टिकलेल्या एका आपत्तीची ती नोंद होय: महासागराच्या खोल पाण्यातील प्राणवायू दूरदूरच्या प्रदेशांत संपला आणि मेलेल्या प्लवकांचा कार्बन कुजून न जाता तळाशी गाडला गेला. श्लँगर आणि जेंकिन्स या दोन भूवैज्ञानिकांनी १९७६ साली असे काळे थर जगभर समकालीन असल्याचे दाखवून या घटनांना एक सामाईक ओळख दिली. आपत्ती आणि चौथऱ्यांचे बुडणे एकाच काळात आढळले, तेव्हा प्राणवायूच्या अभावाने चौथरे गुदमरले, असा निवाडा झाला असता तर नवल नव्हते.

परंतु जो चौथरा मेला तो राहत होता लाटांच्या आणि वाऱ्याच्या राज्यात, जेथे प्राणवायूचा तुटवडा सहसा पडत नाही. स्वित्झर्लंडच्या सेंटिस पर्वतावर जो फिकट, पावसाने पन्हळी पाडलेला श्राटेनकाल्क नावाचा चुनखडक कड्याकड्याने उभा आहे, तो टेथिस नावाच्या प्राचीन समुद्राच्या उत्तर किनाऱ्यावरील अशाच एका चौथऱ्याचा देह. त्याच्या माथ्यावर बांधकाम एकाएकी थांबते, आणि वर येतात त्या हिरवट वाळू नि फॉस्फेटच्या गाठी. जुन्या शिंपल्यांतील स्ट्राँशियमच्या समस्थानिकांवरून केलेली या मृत्यूच्या तिथीची रुजुवात २०११ साली प्रसिद्ध झाली. तिच्यावरून निघाले ते असे की हा चौथरा बुडाला तेव्हा काळा थर साचावयास सुरुवातही झालेली नव्हती. ज्याच्यावर आळ घ्यावयाचा, तो घटनेच्या वेळी हजरच नव्हता!

मग त्या फॉस्फेटच्या गाठींकडे वळून पाहावेसे वाटते. प्रवाळ आणि त्यांचे सोबती हे दारिद्र्यात सुखी असणारे लोक आहेत; ज्या पाण्यात पोषणद्रव्ये नाममात्र, तेथेच त्यांचा संसार फुलतो. पॅमेला हॅलक आणि श्लागर यांनी १९८६ साली नेमका हाच मुद्दा पुढे केला, की अन्नाचा अतिरेक चौथऱ्यांना घातक ठरतो. पॅसिफिकमधील आँटाँग जावा पठाराच्या प्रचंड लाव्हारसाबरोबर कार्बन डायऑक्साइड वातावरणात गेला, पृथ्वी तापली, पाऊस वाढला, खडक झपाट्याने झिजले आणि नद्यांनी फॉस्फरस समुद्रात आणून ओतला, अशी आज सामान्यतः मान्य असलेली कार्यकारणमालिका आहे. गावतळ्यावर हिरवी साय धरते आणि खाली मासे तडफडतात, त्यातलाच हा प्रकार, केवळ महासागराच्या मापाचा. किनाऱ्याजवळच्या चौथऱ्यास ही श्रीमंती अगोदर भोवली. प्राणवायूचा दुष्काळ तिच्याच पोटी, परंतु नंतर जन्मला. काळा थर आणि बुडालेला चौथरा यांचे नाते मला मारेकरी आणि मृत यांचे वाटत नाही. ती एकाच घरातील दोन दुखणी आहेत.

आणि सारेच चौथरे बुडाले असेही नव्हे. रेझोल्यूशनने त्या काळातील कार्बन समस्थानिकांचा चढउतार आपल्या थरांत निमूटपणे उतरवून घेतला आणि पुढे एक कोटीहून अधिक वर्षे आपले काम चालू ठेवले. टेथिसच्या दक्षिण किनाऱ्यावरील ओमानची हकीकत तर अधिकच विचार करावयास लावते. तेथे प्रवाळ आणि रूडिस्ट जातीचे जाड कवचाचे शिंपले मागे हटले, आणि त्यांची जागा घेतली ती लिथोकोडियम आणि बॅसिनेला या दोन ओबडधोबड पुटांनी. ती शैवालाची की सूक्ष्मजंतूंची, यावर तज्ज्ञांचा वाद अद्याप मिटलेला नाही. रूपाने कुणाच्या डोळ्यांत भरणार नाहीत अशा या जीवांनी पडत्या काळात चौथऱ्याचा कारभार सांभाळला, आणि पुढे रूडिस्ट परतले तेव्हा त्यांना उभे राहण्यास माथा शिल्लक होता. अबू धाबीतील बू हासा क्षेत्राचे तेल याच कालखंडातील शुएबा चुनखडकात साठलेले आहे. आखातात नोकरीसाठी गेलेल्या आपल्या कितीतरी माणसांचा पगार अशा पुरातन चौथऱ्यांच्या पोकळ्यांतून निघत असतो, हे त्यांना कुणी सांगितले असेल का, कोण जाणे.

हे सारे वाचीत असता माझे मन वारंवार कोकणकिनाऱ्याकडे वळते. विजयदुर्गापासून शंभर किलोमीटरांहून अधिक अंतरावर, कान्होजी आंग्र्यांचे नाव धारण करणारा आंग्रिया हा बुडित उंचवटा आहे. त्याचा माथा पृष्ठभागाखाली वीसएक मीटरांपर्यंत येतो आणि तेथे प्रवाळ जगतात. त्याच अरबी समुद्रात सुमारे १५० ते १,००० मीटर खोलीच्या दरम्यान प्राणवायूच्या टंचाईचा जो पट्टा पसरलेला आहे, तो जगातील अत्यंत तीव्र पट्ट्यांपैकी एक गणला जातो. आणि पावसाळा सरता सरता आपल्या किनाऱ्यालगतच्या उथळ तळावरही प्राणवायू ओसरतो, हे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी २००० सालीच नोंदवून ठेवले आहे. खालच्या त्या पट्ट्याला पाहून घाबरावयाचे, की शेतांतून आणि शहरांतून वाहून येणाऱ्या खत-सांडपाण्याला आणि तापत चाललेल्या वरच्या पाण्याला, असा प्रश्न कुणी मला विचारला, तर सेंटिसच्या त्या फॉस्फेटी माथ्याची साक्ष काढून मी वरच्या पाण्याकडेच बोट दाखवीन.