काशीगावचं कासव

उंची दहा सेंटिमीटरच्या आत, व्यास पस्तीसच्या आसपास, वजन साडेतीन-चार किलो. पाठीवर छोटा उंचवटा आणि त्यात सतत गरगरणारा लेसर. पुढे अर्धगोल बंपर, एका अंगाला तीन पात्यांचा ब्रश, पोटाखाली रोलर, मागे पाण्याची टाकी आणि टाकीखाली ताणून बसवलेलं फडकं. आमच्या मजल्यावरची मुलं त्याला कासव म्हणतात. देवळात गाभाऱ्यासमोर लादीत बसवलेलं कासव असतं ना, जमिनीशी तेवढ्याच सलगीचं हे.

केर काढून वर लादीही पुसणारा रोबो घ्यायचा म्हटलं की दुकानात आधी ताकद सांगतात. चार हजार पास्कल, आठ हजार, वीस हजार. माझा प्रश्न वेगळा होता. उकिडवं बसून लादी पुसायचं काम माणसाच्या गुडघ्यांवरून उतरवायला हा लायक आहे का? माझ्या आईने आयुष्यभर पोतेरं पिळलं. आज तिला मांडी घालून बसता येत नाही, देवासमोरही खुर्ची लागते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी तिच्यापेक्षा कितीतरी लहान आहेत, तरी लादी पुसून उठताना त्या कपाटाच्या मुठीला धरतात. घरोघरी रोज घडणारी ही झीज कुणी आजार म्हणून मोजत नाही. ती थांबवता येत असेल तर थांबवावी, असं मला मनापासून वाटतं.

आणि मुंबईलगतच्या आमच्या काशीगावात लादी एक दिवसही सोडून चालत नाही. पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाची टेकडी, समोर अहमदाबादला जाणारा महामार्ग, घोडबंदर रस्त्याकडे वळणाऱ्या ट्रकांची रांग. त्यात मेट्रो 9. दहिसर पूर्व ते काशीगाव या टप्प्याची चाचणी मे 2025 मध्ये झाली, पण त्याआधी काही वर्षं खांब आणि गर्डर उभे राहत असताना सिमेंटची भुकटी आमच्या खिडक्यांच्या रुळांत साठत होती. शिवाय चहूकडे इमारती चालूच आहेत. इथली धूळ दोन प्रकारची: बांधकामाची राखाडी, ती फुंकरीनेही उडते, आणि रस्त्याची काळी, टायर आणि डिझेलची, ती तेलकट असते आणि झाडूला दाद देत नाही. फेरी संपल्यावर कासवाचा केराचा डबा उघडला की दोन्ही एकत्र दिसतात. राखाडी धुळीचा नमद्यासारखा दाबलेला थर, त्यात केसांचा गुंता, मोहरीचे दाणे, कढीपत्त्याची एक वाळकी काडी, उदबत्तीची राख, शिवणाच्या दोऱ्याचे तुकडे. घरात काल काय काय झालं ते सगळं त्या डब्यात असतं.

त्याची नजर समजून घेतल्याशिवाय त्याच्याशी संसार होत नाही. पाठीवरचा लेसर गोल फिरून भिंती, कपाटं, दारं किती लांब आहेत ते मोजतो आणि घराचा नकाशा करतो. मग एका कडेपासून सरळ पट्ट्या मारत तो खोली संपवतो. पण हा लेसर त्याच्या पाठीच्या उंचीवर एका पातळीतच पाहतो. त्याखालचं त्याला दिसत नाही. मोबाइलच्या चार्जरची वायर, रबरी चप्पल, पोराचा मोजा, पाटाची कड ही त्याची खरी संकटं. आरसा लावलेलं कपाट असेल तर आणखी एक गंमत घडते: आरशातून परतलेला किरण त्याला पलीकडे खोली असल्याचं सांगतो आणि नकाशात भिंतीपलीकडे एक मोकळी जागा उमटते. आमच्या बेडरूमच्या नकाशात अशी अख्खी न बांधलेली खोली होती. ॲपमध्ये तिथे रेघ मारून मनाई केली की तो पुन्हा तिकडे वळत नाही. देवघरापुढची रांगोळी आणि गणपतीत मखरापुढची जागाही अशीच रेघेने राखायची.

काळ्या रंगाला मात्र तो बिचकतो. पोटाच्या कडेला असलेले सेन्सर खाली अवरक्त किरण सोडतात; किरण परत आला तर जमीन आहे, नाही आला तर पुढे पायरी किंवा खड्डा आहे असा त्याचा हिशेब. काळा गुळगुळीत ग्रॅनाइट तो किरण नीट परत पाठवत नाही. आता मुंबईकडच्या फ्लॅटमध्ये हॉल आणि किचनच्या मध्ये, बेडरूमच्या दारात, बाथरूमच्या तोंडाशी हमखास काय असतं? काळ्या ग्रॅनाइटची पट्टी. कासव तिच्यापाशी येतं, थबकतं, हातभर मागे सरतं, वळून दुसऱ्या बाजूने येतं, पुन्हा थबकतं. कड्याच्या टोकावर उभं असल्यासारखी त्याची ती तगमग बघवत नाही. काही जण सेन्सरवर पांढरी पट्टी चिकटवतात. घरात खाली उतरणारी पायरी असेल तर हे करू नये, एरवी ज्यांच्यामुळे तो वाचतो तेच त्याचे डोळे आपण झाकतो. आम्ही ग्रॅनाइटच्या पट्टीवरच फिका चिकटपट्टा लावला आणि मामला मिटला. उंबरठ्याचंही तसंच. दोन सेंटिमीटरपर्यंतचा उंबरठा बहुतेक यंत्रं चढतात, त्याहून उंच असेल तर त्या खोलीत त्याला उचलूनच न्यावं लागतं.

खरी परीक्षा पुसण्यात आहे. केर ओढायला फरशीच्या घरात फार ताकद लागत नाही. दोन-अडीच हजार पास्कल टाइल्सवर पुरतात. मोठे आकडे गालिचे अंथरलेल्या घरांसाठी. तो दाबसुद्धा तोंड पूर्ण बंद करून मोजलेला असतो, चालत्या यंत्रात हवा किती वाहते हे त्यातून कळत नाही. म्हणून आकड्यांचा फलक ओलांडून मी यंत्र उलटं करायला सांगायचो आणि फडकं पाहायचो. सर्वांत साध्या यंत्रात एक फडकं नुसतं फरफटत जातं. त्यावरच्यात ते थरथरतं. त्याहून वरच्यात दोन गोल चकत्या फिरतात, आणि अलीकडच्या काहींत रोलर असतो, तो फिरता फिरताच धुतला जातो आणि मळकं पाणी वेगळ्या टाकीत जातं. फरफटणारं फडकं चहाचा ताजा थेंब पुसतं, वाळलेल्या वरणाच्या डागावरून निघून जातं. फिरणाऱ्या चकत्या दोन-तीन वेळा तिथून गेल्या तर तोही निघतो.

मावशी लादी पुसतात तेव्हा प्रत्येक खोलीनंतर फडकं बादलीत पिळतात, आणि मळलं पाणी मोरीत ओतून नवीन घेतात. पुसण्याचा अर्थ तोच आहे: मळ उचलायचा आणि दूर न्यायचा. ज्या यंत्राचं फडकं हॉलपासून आतल्या खोलीपर्यंत एकदाही धुतलं जात नाही, ते हॉलमधली महामार्गाची काजळी झोपायच्या खोलीत नेऊन सारखी पसरतं. ओल्या लादीवर तिरप्या उजेडात चंद्रकोरीसारखे पट्टे दिसले की समजावं, फडकं भरलं. म्हणून जास्तीचे पैसे कशाला मोजावेत असं कुणी विचारलं तर माझं उत्तर एकच आहे, फडकं धुणाऱ्या डॉकला. त्यात स्वच्छ आणि मळक्या पाण्याच्या दोन वेगळ्या टाक्या असतात; कासव मधूनमधून परत येतं, चकत्या धुऊन घेतं आणि राहिलेल्या जागेपासून पुन्हा सुरू करतं. गरम हवेने फडकं वाळवणारा डॉक असेल तर आमच्याकडच्या पावसाळ्यात त्याचं मोल कळतं, नाहीतर जुलैत ते ओलं फडकं रात्रीत कुबट होतं.

पण डॉकला भिंतीलगत जागा लागते, किंमत बरीच वर जाते, आणि मळक्या पाण्याची टाकी रोज रिकामी केली नाही तर तिला नाक लावता येत नाही. आमच्या दोन खोल्या-किचनच्या घरात ती जागा नव्हती. आम्ही लेसरचं मधल्या किमतीचं यंत्र घेतलं, सोबत जादा फडकी घेतली आणि दर खोलीला फडकं बदलायचा नियम केला. धूळ इतकी असते की आधी कोरडी फेरी, मग ओली. दोन्ही एकदम केल्यास रोलरवर चिखल होतो आणि फिल्टर ओला होऊन बसतो. टाकीत फिनेल घालत नाही. त्याने आतल्या बारीक नळ्या तुंबतात. टँकरचं पाणीही घालत नाही, त्यातले क्षार पाण्याच्या तोंडाशी साचतात. सूर्या प्रकल्पातून दिवसाला 218 दशलक्ष लिटर पाणी आणायची योजना आमच्या ज्या शहरासाठी आखावी लागली, तिथे पाण्याचा हिशेब प्रत्येक घर ठेवतं. कासवाच्या टाकीत मावतं पाव लिटर. तेवढ्या पाण्यात बाहेरची खोली आणि किचन होतात, मग पुन्हा भरायची. मावशींच्या दोन बादल्यांपुढे ते काहीच नाही.

कासवाचं घराणं फार जुनं नाही. स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सने 2001 मध्ये ट्रायलोबाइट बाजारात आणला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत आयरोबोटचा रूम्बा आला. एमआयटीत काम केलेल्या रॉडनी ब्रूक्स, कॉलिन अँगल आणि हेलन ग्राइनर यांनी 1990 मध्ये स्थापन केलेली ही कंपनी. त्या पहिल्या रूम्बाकडे नकाशा नव्हता. तो भिंतीला धडकायचा, वळायचा आणि बऱ्याच फेऱ्यांनंतर खोली कशीबशी पुरी व्हायची. 2005 मध्ये त्याच कंपनीने लादी धुणारा स्कूबा काढला. घरगुती यंत्रावर लेसर 2010 मध्ये निएटोने बसवला, आणि आज माझ्या हॉलमध्ये सरळ पट्ट्या मारल्या जातात त्या याच कल्पनेमुळे. ती निएटो 2023 मध्ये बंद झाली. आयरोबोटने डिसेंबर 2025 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ती तिची यंत्रं बनवणाऱ्या चिनी कंपनीच्या हाती गेली. वाट दाखवणाऱ्या दोघांची ही अखेर वाचून मला वाईट वाटलं. ग्राहकाने त्यातून एक गोष्ट पाहून घ्यावी: ॲप आणि इंटरनेट नसताना नुसतं पाठीवरचं बटण दाबून यंत्र घर साफ करतं का, आणि ब्रश, फिल्टर, फडकी दोन वर्षांनीही मिळतील का.

कॅमेऱ्याचं यंत्र मी घेतलं नाही. कॅमेरा खालची वायर ओळखतो, हा फायदा खरा आहे. पण 2022 च्या अखेरीस चाचणीतल्या रूम्बांनी घराघरांत टिपलेली खासगी छायाचित्रं बाहेर फुटल्याचं उघड झालं, त्यात संडासात बसलेल्या एका बाईचंही होतं. लेसरला भिंतींची अंतरं कळतात, माणसांचे चेहरे कळत नाहीत. माझ्या घरात तेवढं ज्ञान त्याला पुरे.

आता मावशींचं. आमच्याकडे घरकामाचे पैसे कामागणिक ठरतात: भांड्यांचे वेगळे, कपड्यांचे वेगळे, केर-लादीचे वेगळे. 2008 च्या कायद्याने महाराष्ट्रात घरकामगारांसाठी कल्याण मंडळ आलं, त्यात नोंदणी झालेल्या बाईला काही प्रसंगी मदत मिळते; पण एखाद्या घरात यंत्र आलं म्हणून उद्यापासून लादीचे पैसे बंद, असं कुणी म्हणालं तर तिच्या हातात काही नसतं. मावशी माशाच्या पाड्याकडून चालत येतात. शेजारच्या इमारतीत एका घराने असंच केलं, हे त्यांनी मला भांडी घासता घासता सांगितलं. आमचं कासव खोक्यातून निघालं त्या दिवशी त्यांनी किंमत विचारली, ओट्याला टेकून मनातल्या मनात भागाकार केला आणि म्हणाल्या, “म्हणजे माझे केर-लादीचे दोन वर्षांचे पैसे.”

हिशेब बरोबर होता. म्हणून पैसे तेच राहतील हे आम्ही आधीच ठरवलं होतं आणि तेव्हाच त्यांना सांगितलं. आता त्या आल्या की आधी पाट, चपला, वायर उचलतात, बटण दाबतात आणि भांड्यांना लागतात. कोपरे, दारामागची जागा, काळ्या पट्टीची कड कासवाला जमत नाही, ती त्या लांब दांड्याच्या पोछ्याने उभ्या उभ्या करतात. ब्रशला गुंडाळलेले केस काढायला त्यांनी घरून शिवणाची जुनी कात्री आणली आहे, ती आता आमच्याच खिळ्याला टांगलेली असते. फडकी पांढरीच घ्या, निळी नकोत, हा त्यांचा आग्रह. पांढऱ्यावर मळ किती निघाला ते दिसतं, आणि तो दिसल्याशिवाय त्या फडकं परत लावू देत नाहीत.