मिल शेवटाकडून सुरू होते

आमच्याकडे चंद्रपूर जिल्ह्यात पोरगा आयटीआय झाला की शेजारीपाजारी एकच विचारतात : थर्मलला लागला की सिमेंटला? थर्मल म्हणजे ऊर्जानगरचं २,९२० मेगावॅटचं वीजकेंद्र, सिमेंट म्हणजे गडचांदूर-आवारपूरकडचे कारखाने. हल्ली त्यात गडचिरोलीतल्या सुरजागड-कोनसरीच्या लोखंड प्रकल्पांची भर पडली आहे. मी इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केला आणि यांपैकी कुठेच लागलो नाही. मूलकडच्या एका राईस मिलमध्ये मेंटेनन्सला लागलो. हे सांगितलं की लोक पुढे काही विचारत नसत.

मिलच्या मोठ्या पॅनलमध्ये कॉन्टॅक्टरच्या रांगेवर एक हाताच्या पंजाएवढी करडी डबी होती. पीएलसी, म्हणजे कोणती मोटर कधी चालू-बंद करायची हे ठरवणारा छोटा संगणक. तिला हात लावायचा नाही, एवढंच आम्हाला सांगितलेलं. एखाद्या टायमरचे सेकंद बदलायचे असले तरी नागपूरहून माणूस यायचा. तोवर मिल बंद, आणि गेटवर धानाची पोती लादलेले ट्रॅक्टर उभे. तो माणूस लॅपटॉप जोडायचा, स्क्रीन आमच्याकडून वळवून बसायचा आणि चहा थंड व्हायच्या आत मोकळा व्हायचा. मला चीड आली ती त्या वळवलेल्या स्क्रीनची. शिकायचं ठरलं ते तिथे.

कुठल्या कंपनीचा पीएलसी शिकावा यावर नवशिके फार डोकं शिणवतात. माझ्या मते समोरच्या पॅनलमध्ये जो असेल तो शिकावा. आमच्याकडे डेल्टाचा होता, आठ इनपुट आणि सहा आउटपुटचा. त्याचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि त्यात सिम्युलेटरही असतो, म्हणजे पीएलसी विकत न घेताही लॅपटॉपवर प्रोग्राम चालवून बघता येतो. चुलतभावाचा जुना लॅपटॉप घेतला. इनपुट म्हणजे एक्स, आउटपुट म्हणजे वाय, आतले रिले म्हणजे एम, टायमर म्हणजे टी. टायमरपुढे के ५० लिहिलं की पाच सेकंद, कारण साधा टायमर सेकंदाचा दहावा भाग मोजतो. एक्सच्या आकड्यांत ८ आणि ९ नसतातच. सातनंतर थेट दहा. हे सगळं पाठ झालं, तरी पुढची पायरी सापडेना. स्क्रीनवर दोन उभ्या रेघा, मध्ये आडव्या पायऱ्या; त्यांत काय भरायचं?

ते उलगडलं बल्लारपूरला राहणाऱ्या एका काकांकडे. त्यांचं आयुष्य रिले पॅनलचं वायरिंग करण्यात गेलेलं. कॉम्प्युटरच्या वाटेला ते कधी गेले नव्हते. मी लॅपटॉप पुढे सरकवला. एक बटण, त्याला समांतर आउटपुटचाच संपर्क. काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "अरे बाबू, हे तं आपलं होल्डिंग होय! स्टार्टरमध्ये रोज करतेस ना तू?"

खरंच रोज करत होतो. बटण सोडलं तरी मोटर चालू राहावी म्हणून कॉन्टॅक्टरचाच संपर्क बटणाला समांतर जोडायचा. पुढे वाचनात आलं की पीएलसीचा प्रोग्राम रिलेच्या वायरिंगसारखा दिसणं मुद्दाम होतं. १९६८ साली अमेरिकेत जनरल मोटर्सला रिलेची भलीमोठी पॅनलं नकोशी झाली होती. गाडीचं मॉडेल बदललं की सगळं वायरिंग नव्याने करावं लागे. डिक मोर्ले आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यावर मोडिकॉन ०८४ हे यंत्र काढलं. ते त्यांचं चौऱ्याऐंशीवं काम, म्हणून ०८४. त्याची भाषा रिलेच्या ड्रॉइंगसारखी ठेवली, म्हणजे कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला ती वाचता यावी. आपल्यासाठीच बेतलेल्या भाषेला आपणच घाबरून होतो, याचं मला हसूही आलं आणि थोडा रागही.

काकांचे प्रश्न पुस्तकांपेक्षा सरळ असत. एकच आउटपुट प्रोग्राममध्ये दोन ठिकाणी का लिहू नये? "एका रिलेला दोन कॉइली पाहिल्या का तू कधी?" एका ठिकाणी मात्र त्यांचा अनुभव आडवा आला. रिलेच्या पॅनलमध्ये सगळं एकाच वेळी घडतं. पीएलसी आधी सगळे इनपुट वाचतो, मग वरून खाली एकेक ओळ सोडवतो, शेवटी आउटपुट बदलतो आणि पुन्हा पहिल्यापासून. हे काही मिलिसेकंदांत होत असल्यामुळे दिसत नाही, पण ओळींचा क्रम बदलला की निकाल बदलू शकतो. काकांना हे पटायला वेळ लागला. पटलं तेव्हा म्हणाले, "म्हणजे हा गुरुजीसारखा हजेरी घेतो."

स्टॉप बटणाचं कोडं सगळ्यांत जास्त शिकवून गेलं. ड्रॉइंगमध्ये स्टॉप नेहमी बंद संपर्काचा, म्हणजे एरवी जोडलेला आणि दाबल्यावर तुटणारा असतो, म्हणून नवशिका प्रोग्राममध्येही बंद संपर्क टाकतो आणि मोटर सुरूच होत नाही. बटण न दाबता इनपुटवर चोवीस व्होल्ट येतातच. म्हणून प्रोग्राममध्ये उघडा संपर्क हवा. मग बटणच उघड्या संपर्काचं का घेऊ नये? उत्तर मिलमध्ये आहे. तिथे उंदीर वायर कुरतडतात. बंद संपर्काची वायर तुटली तर मशीन थांबतं. उघड्या संपर्काची तुटली तर कळतही नाही, आणि हात अडकल्यावर दाबलेलं बटण काही करत नाही. इमर्जन्सी स्टॉप तर नुसता प्रोग्रामच्या भरवशावर ठेवायचाच नाही. तो कॉन्टॅक्टरचा पुरवठा स्वतः तोडणारा हवा.

यानंतर मी लॅपटॉप बाजूला ठेवून धानाच्या वाटेनं चालत गेलो. क्लीनर, डिस्टोनर, शेलर, सेपरेटर, पॉलिशर, ग्रेडर, मधे एलिव्हेटर. मिल सुरू करायची ती शेवटाकडून : आधी ग्रेडर, मग पॉलिशर, असं मागे येत सगळ्यांत शेवटी धान सोडायचं. बंद करताना आधी धान तोडायचं, पोटातला माल निघून जाऊ द्यायचा. मधलं एक मशीन ट्रिप झालं तर त्याच्या मागची सगळी तत्क्षणी थांबली पाहिजेत, पुढची चालू राहिली पाहिजेत. थर्मलच्या कोळशाच्या पट्ट्यांनाही हाच नियम. हे हमालांनाही ठाऊक होतं. मी फक्त ते पायऱ्यांमध्ये लिहिलं. प्लायवूडवर जुना पीएलसी, चोवीस व्होल्टचा सप्लाय, बटणं आणि दिवे बसवून रात्री तोच क्रम चालवायचो. दिवे एकामागून एक लागत. आई म्हणायची, लायटिंग छान आहे.

आता सेकंद बदलायला नागपूरहून कुणी येत नाही. मालकांनी पॅनल बनवणाऱ्याकडून पासवर्ड आणि प्रोग्रामची प्रत मागून घेतली. खरं तर ती पॅनल घेतानाच मागायची असते.

सध्या माझं लक्ष पॉलिशरवर आहे. एचएमटी हे नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी स्वतःच्या शेतात निवडून काढलेलं धानाचं वाण. त्याचा दाणा बारीक. दाब थोडा वाढला की कणी वाढते. ऑपरेटर अँपिअर मीटरकडे बघून दाब धरतो. तो आकडा पीएलसीत आणायचा, तर आमच्या डबीला फक्त चालू-बंद कळतं. चार ते वीस मिलिअँपिअरचा सिग्नल वाचायला बाजूला वेगळं मॉड्यूल लावावं लागतं. मालकांनी किंमत विचारली आणि म्हणाले, दिवाळीनंतर पाहू. दिवाळीनंतर धानाचा हंगाम लागतो आणि मिल एक दिवस बंद ठेवता येत नाही, हे त्यांनाही माहीत आहे.