‘क्यू’चें माहेर

इंग्रजी वर्णमालेच्या सव्वीस अक्षरांत एकट्यानें घराबाहेर न पडणारें अक्षर एकच. तें म्हणजे ‘क्यू’. स्पेलिंगें घोकण्यांत ज्यांचें बाळपण गेलें त्यांना ‘क्यू’च्या पाठोपाठ ‘यू’ यावयाचाच, हें निराळें सांगावें लागत नाहीं. राणी या अर्थाचा ‘क्वीन’ घ्या, चपळ या अर्थाचा ‘क्विक’ घ्या, शांत या अर्थाचा ‘क्वाएट’ घ्या; पांच-पांच अक्षरांच्या या तिन्ही शब्दांत ‘यू’ हा ‘क्यू’चा पदर धरूनच चालतो.

या सोबतीची खरी किंमत कळते ती स्क्रॅबलच्या पटावर. अल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुविशारदानें १९३० नंतरच्या दशकांत हा खेळ रचला. कोणतें अक्षर इंग्रजींत किती वेळां येतें हें त्यानें वर्तमानपत्रांतील मजकूर मोजून पाहिलें आणि त्या मानानें सोंगट्या वांटल्या. एकंदर १०० सोंगट्यांत ‘ई’च्या १२, ‘यू’च्या ४, आणि ‘क्यू’ची अवघी १. ‘ई’चा गुण १, तर ‘क्यू’चे १०. परंतु ‘यू’ हातीं नसेल तर हें धन कृपणाच्या ठेव्याइतकेंच निरुपयोगी. डाव संपेपर्यंत तें हातांत राहिलें, तर ते १० गुण उलट वजा होतात. म्हणून मुरलेले खेळाडू ‘यू’वांचून चालणाऱ्या ‘क्यू’च्या शब्दांची यादीच पाठ करून ठेवतात.

आमच्या घरीं पावसाळ्यांत हा पट मांडला जातो. एका संध्याकाळीं घरांतील एका मुलानें एफ, ए, क्यू, आय, आर अशा पांच सोंगट्या मांडून ‘फकीर’ हा शब्द केला. त्याची बहीण उसळून म्हणाली, “हा कुठला इंग्रजी शब्द? हा तर आपला!” कोश उघडला, शब्द निघाला. ‘के’ घालूनहि तो इंग्रजींत लिहितात, पण ‘क्यू’चें रूपहि मान्यच आहे. वाद तेवढ्यापुरता मिटला. आम्ही मात्र ती यादी चाळीत बसलों.

पांच अक्षरी यादींत काय सांपडावें? फकीर, तलाक, निकाब, बुरखा. आणि जमिनीखालून पाणी नेणारा इराणी पाट, म्हणजे ‘कनात’, आमच्या तंबूची नव्हे. शिवाय ‘उमियाक’, म्हणजे उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांची कातड्याची होडी. इंग्रजीनें घरीं घडविलेला म्हणावा असा आम्हांला दिसला तो ‘ट्रँक’; आणि तोहि ‘ट्रँक्विलायझर’ या झोपेच्या औषधासारख्या लांबलचक शब्दाची शेपटी तोडून केलेला. त्या तोडण्यांत ‘यू’ गळाला, इतकेंच.

हे सारे पाहुणे एकाच अक्षराच्या दारीं कां जमावे? याचें उत्तर त्या अक्षराच्या कुळांत आहे. ‘क्यू’चा मूळ पुरुष फिनिशियन लिपींतला, त्याचें नांव ‘कोफ’. जिभेचें मूळ पडजिभेपाशीं टेकवून काढलेला खोल ‘क’ ही त्याची स्वतःची मिळकत. तेथून तें अक्षर ग्रीकांकडे गेलें. ग्रीकांना त्या ध्वनीची गरज नव्हती. त्यांनीं पुढें तें शब्दांतून काढलें आणि ९० या आंकड्याची खूण म्हणून तेवढें ठेवलें. रोमनांनीं तें ‘यू’च्या आधारानें जगविलें. जुन्या इंग्रजींत तर राणीचा शब्दहि ‘सी’नेंच आरंभ होत असे, १०६६ सालीं नॉर्मन आले आणि त्यांच्या लेखनिकांच्या वळणानें पुढें तेथें ‘क्यू’ व ‘यू’ ही जोडी बसली. त्याच फिनिशियन अक्षराची दुसरी शाखा अरबी लिपींत नांदते, आणि तिनें तो खोल ‘क’ जपला आहे. फकीर, तलाक, निकाब या सर्वांत तोच आहे. आणि उमियाकच्या भाषेचा अरबीशीं कांहींहि संबंध नसतां तिच्यांतहि तसाच खोल ‘क’ असल्यामुळें रोमन लिपींत त्याला ‘क्यू’च मिळाला. तेव्हां ज्यांना आम्ही पाहुणे समजलों ते ‘क्यू’च्या माहेरचेच निघाले; ‘यू’ची सोबत ही सासरची रीत!

आतां आमच्या घरचें पाहूं. हिंदीनें ‘क’खालीं नुक्ता देऊन या ध्वनीची आठवण ठेवली. मराठीनें तेंहि केलें नाहीं. हक्क, फरक, कर्ज, बाकी, कबूल, तालुका हे सारे मूळचे खोल ‘क’वाले शब्द आम्ही साध्या ‘क’नें लिहितों. कोठें कोठें आमच्या जिभेनें त्याचा ‘ख’ केला: ‘वक्त’चा ‘वखत’ झाला, ‘इलाक्या’चा ‘इलाखा’ झाला, आणि बुरखा तर ‘ख’ घेऊनच आमच्यांत वावरतो.

अशा शब्दांना परके ठरविण्याचे यत्न मराठींत मोठ्या माणसांनीं केले आहेत. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें झालेल्या राज्यव्यवहारकोशानें यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. विसाव्या शतकांत सावरकरांनीं भाषाशुद्धीचा पुरस्कार केला, आणि ‘दिनांक’, ‘महापौर’ यांसारखे शब्द रूढ झाले. त्यांनीं भाषा श्रीमंत झाली हें आम्ही कृतज्ञतेनें मानतों. तथापि सातबाराच्या उताऱ्यावर आजहि ‘तालुका’च आहे, आणि अन्याय झालेला मनुष्य मागावयास उभा राहतो तो आपला ‘हक्क’च.

इंग्रजीनें फकिराला घरांत घेतांना त्याचें मूळचें अक्षर राखलें आणि उच्चार टाकला. त्यामुळें त्याच्या अंगावर प्रवासाची धूळ अजून दिसते. मराठीनें अक्षर व उच्चार दोन्ही आपल्या वळणाचे केले. म्हणून आमच्या मुलीला तो निःशंकपणें ‘आपला’ म्हणतां आला. जो शब्द परका आहे हें कळण्यासाठीं कोश उघडावा लागतो, तो घरचा झाला असेंच समजावें.