मणिराम दिवाण : चहाचा मळा ते फाशीचा दोर

१/ सन १८५७ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मेरठ, कानपूर, झाशी उभी राहते. विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ने तो काळ मराठी वाचकाच्या ओळखीचा करून ठेवला आहे. मात्र देशाच्या पूर्व टोकाला, आसामातील जोरहाट येथे, २६ फेब्रुवारी १८५८ रोजी दोघांना फाशी देण्यात आली. त्यांपैकी एक मणिराम दिवाण. हा धागा त्यांच्याविषयी.

२/ इतिहासावर लिहू लागल्यापासून तरुण वाचक मला एक प्रश्न हमखास विचारतात : ‘हा माणूस देशभक्त होता की स्वार्थी?’ मणिरामांचे चरित्र वाचताना तो प्रश्नच अपुरा वाटू लागतो. म्हणूनच ते मला मोलाचे वाटते.

३/ जन्म १८०६ चा. १८१७ पासून ब्रह्मी फौजांनी आहोम राज्यावर स्वाऱ्या केल्या. गावेच्या गावे ओस पडली. १८२६ च्या यांदाबोच्या तहाने ब्रह्मी गेले आणि कंपनी आली. त्या पिढीतील अनेकांना इंग्रज प्रथम दिसला तो सुटका करणारा म्हणून. मणिरामही कंपनीच्या चाकरीत तहसीलदार आणि शिरस्तेदार झाले.

४/ १८३३ मध्ये कंपनीने वरच्या आसामात पुरंदर सिंह यांना मांडलिक राजा म्हणून गादीवर बसवले. मणिराम त्यांचे विश्वासू अधिकारी बनले. वार्षिक खंडणी होती ५०,००० रुपये. ती थकल्याचे कारण पुढे करून १८३८ मध्ये राज्य खालसा झाले. दहा वर्षांनी साताऱ्याच्या वाट्यास हेच आले. निमित्त तेवढे निराळे होते.

५/ याच सुमारास मणिरामांनी ‘बुरंजी विवेकरत्न’ हा ग्रंथ लिहिला. बुरंजी म्हणजे, आपल्या शब्दांत सांगायचे तर, आहोमांची बखर. राज्य बुडत असताना त्याचा वृत्तान्त लिहून ठेवणाऱ्या माणसाच्या मनात काय चालले असेल, याचा विचार केल्यावाचून मला पुढे जाता येत नाही.

६/ आता चहा. सिंगफो लोक तो पूर्वापार पीत असत. ही वार्ता १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूस यांच्यापर्यंत मणिरामांनी पोहोचवली, असे सांगितले जाते. जानेवारी १८३९ मध्ये लंडनला आसामी चहाच्या ८ पेट्यांचा लिलाव झाला. त्याच वर्षी आसाम कंपनी निघाली आणि महिना २०० रुपये पगारावर मणिराम तिचे दिवाण झाले. तेच पद पुढे त्यांच्या नावाला कायमचे चिकटले.

७/ काही वर्षांतच त्यांनी ती नोकरी सोडली आणि जोरहाटजवळ चिनामारा येथे व सेंगलुंग येथे स्वतःचे मळे उभे केले. व्यापारी तत्त्वावर चहा पिकवणारे पहिले भारतीय म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. कालपर्यंतचा कारभारी आज साहेबांचा प्रतिस्पर्धी झाला होता.

८/ १८५३ मध्ये मॉफट मिल्स हे न्यायाधीश आसामच्या कारभाराची चौकशी करण्यास आले. मणिरामांनी त्यांच्यापुढे सविस्तर अर्ज ठेवला : कर असह्य झाले आहेत, जुनी घराणी देशोधडीला लागली आहेत, कामाख्येची पूजा बंद पडली आहे, तेव्हा आहोम राज्य परत द्यावे. अर्ज मानला गेला नाही.

९/ १८५७ मध्ये तीच मागणी घेऊन ते कलकत्त्यास गेले. पुरंदर सिंहांचे नातू कंदर्पेश्वर सिंह यांना गादी मिळावी, ही त्यांची विनंती. तेवढ्यात मे महिन्यात उत्तरेत उठाव पेटला. अर्जांचा मार्ग खुंटलेला हा माणूस आता गुप्त पत्रे पाठवू लागला : दिब्रुगड आणि गोलाघाट येथील शिपायांना हाताशी धरा, उठाव करा. जोरहाटला ही सूत्रे पियली बरुआ सांभाळत होते.

१०/ पत्रे पकडली गेली. कंदर्पेश्वरांना कैद झाली. मणिरामांना कलकत्त्यात धरून जोरहाटला आणले. कॅप्टन हॉलरॉइड यांच्यापुढे खटला चालला आणि मणिराम व पियली या दोघांना फाशी झाली. चहाचे मळे लिलावात निघाले आणि जॉर्ज विल्यमसन या इंग्रज मळेवाल्याकडे गेले.

११/ मग देशभक्त की स्वार्थी? त्यांना आपल्या वर्गाचे मानपान परत हवे होते, यात शंका नाही. प्रजासत्ताकाची कल्पना त्यांच्या मनात नव्हती. पण कंपनीला आतून ओळखणारा, तिचे हिशेब स्वतःच्या हाताने लिहिलेला हा माणूस ‘हे राज्य न्याय देणार नाही’ या निष्कर्षास आला आणि त्यासाठी त्याने मळे, मान, प्राण सर्व पणास लावले. स्वतःची हानी आणि देशाची हानी ही एकाच हातून होत आहे, हे उमगणे हाही राष्ट्रभावनेचा एक उगमच, असे मला वाटते.

१२/ आसामात त्यांच्यावर लोकगीते रचली गेली. पुढे ‘मणिराम दिवाण’ हा आसामी चित्रपट निघाला. त्याचे संगीत भूपेन हजारिका यांचे. त्यातील एका गाण्याची चाल त्यांनी ‘रुदाली’ (१९९३) या हिंदी चित्रपटात पुन्हा वापरली आणि ती लता मंगेशकरांच्या आवाजात मराठी घराघरांत पोहोचली. नाव अपरिचित राहिले, तरी त्या नावाशी जोडलेले सूर आपण कधीच ऐकले आहेत. आता नावही लक्षात ठेवूया.