एकवीस दिवसांचें सोवळें

सोवळें म्हणजे काय, हें आमच्या मातोश्रींनीं आम्हांस लहानपणीं इतक्या वेळां शिकविलें, कीं मोठेपणीं त्याची थट्टा करण्यांत आम्हांस पुरुषार्थ वाटूं लागला. त्यांची ती धाबळी, ती उंच दांडीवरची वळणी आणि "शिवूं नकोस" हें पालुपद, हा आमच्या घरांतील विनोदाचा कायमचा विषय होता. परंतु दैव मोठें खट्याळ असतें. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं आम्हांस अशा कडक सोवळ्यांत बसावें लागलें, कीं मातोश्रींनींही तोंडांत बोट घातलें असतें.

२०२४ सालच्या आषाढांत आमच्या मानेजवळील एक गांठ काढून तपासली, आणि लसीकाग्रंथींचा कर्करोग, ज्यास डॉक्टर लिंफोमा म्हणतात, तो निघाला. औषधांच्या सहा फेऱ्या ठरल्या; दर दोहोंमध्यें अंतर २१ दिवसांचें. हा आंकडा ऐकतांच सौभाग्यवतींनीं हात जोडले. "एकवीस दूर्वा, एकवीस मोदक, आंकडा आपल्याच देवाचा आहे हो," असें त्या म्हणाल्या. आम्हीं हंसून तो विषय सोडून दिला.

रुग्णालयांतला दिवस लवकर सरतो. खरें दुखणें भोगावयाचें तें घरीं. हीं औषधें शरीरांत भराभर वाढणाऱ्या पेशी मारतात. त्यांस रोगाच्या पेशी आणि आमच्या पेशी हा भेद नीटसा कळत नाहीं. म्हणून केंस जातात, तोंड सोलून निघतें आणि हाडांच्या मगजांत तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशीही मरतात. पहिल्या आठवड्यांत अन्नाची चव मातीसारखी लागे. मेतकूट-भाताचे चार घांस उतरले तरी सूनबाई जणूं गड जिंकल्याप्रमाणें सर्वांस सांगत सुटे. तिसऱ्या आठवड्यांत आमटीला पुन्हां आमटीची चव येई. मधला आठवडा मात्र फसवा. मनुष्यास वाटतें, आपण सुधारलों. आणि नेमक्या त्याच दिवसांत पांढऱ्या पेशी तळास गेलेल्या असतात. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरांत त्या साधारण चार ते अकरा हजार असतात. आमच्या एकदां हजाराच्याही खालीं गेल्या.

म्हणून तें सोवळें. दाराशीं साबण आणि पाण्याची बादली. हात धुतल्यावांचून कोणी आंत यावयाचें नाहीं. पाणी उकळलेलें, फळ सोललेलें, अन्न ताजें आणि गरम. सात वर्षांचा नातू उंबऱ्याबाहेर उभा राहून, "आजोबा, शिवलों तर चालेल का?" असें विचारी, तेव्हां आम्हांस मातोश्रींचा आवाज ऐकूं येई. तीर्थाचाही प्रश्न आलाच. कच्च्या दुधाचें पंचामृत डॉक्टरांस मान्य नव्हतें. सौभाग्यवतींनीं त्यावर वाद घातला नाहीं. त्या उकळून निवविलेलें पाणी देवापुढें ठेवीत आणि तेंच तीर्थ म्हणून देत. "देवाला पोटाचे नियम आपल्यापेक्षां जास्त कळतात," एवढेंच त्यांचें शास्त्र.

आमच्या औषधांतील एक, व्हिंक्रिस्टीन, हें सदाफुलीच्या झाडांतून मिळालेलें आहे, हें कळलें तेव्हां त्यांस फार आनंद झाला. ती मूळची मादागास्करची, पण आमच्या अंगणांत वर्षानुवर्षें देवाच्या परडींत पडत आलेली. शेजारच्या एका गृहस्थांनीं लागलीच तिच्या पानांचा रस घेण्याचा सल्ला दिला. सौभाग्यवती म्हणाल्या, "फूल देवाला वाहूं; पण मात्रा डॉक्टरच ठरवतील." कारण तें झाड विषारीही आहे, आणि अचूक मोजलेल्या औषधानेंही आमच्या बोटांस मुंग्या येतच होत्या.

त्या वर्षीं गणेशचतुर्थी ७ सप्टेंबरला आली, म्हणजे दुसऱ्या फेरीच्या अकराव्या दिवशीं. आमचा गणपती दीड दिवसांचा. मुंग्या आलेल्या बोटांनीं दूर्वा निवडून आम्हीं पूजा केली. सायंकाळीं हुडहुडी भरली. तापमापक लावून पाहिलें, तो १०१ अंश. शंभराच्या वर पारा गेला, कीं तत्क्षणीं कळवा, अशी ताकीद होती. आम्हीं तो झटकला आणि उशीखालीं ठेवला. सणाच्या दिवशीं घरांत रडारड नको. उद्यां विसर्जन झालें, कीं सांगूं, असा शहाणपणा आम्हीं केला. वाचकांनीं तो करूं नये, यासाठींच हा लेख आहे.

आरतीच्या वेळीं निरांजन धरलेला आमचा हात थरथरूं लागला. सौभाग्यवतींनीं आरती अर्ध्यावर थांबविली आणि आमच्या कपाळास हात लावला. "अहो, केव्हांपासून?" आम्ही गप्प. त्यांनीं तबक खालीं ठेवलें. "देव येथेंच बसला आहे, तो कोठें जात नाहीं. तुम्ही चला."

त्याच रात्रीं शिरेंतून औषधें सुरू झालीं. अशा स्थितींत दिवस नव्हे, तास मोजावयाचे असतात, असें तेथील तरुण डॉक्टरीणबाईंनीं आम्हांस चांगलेंच ऐकविलें. पांच दिवस आम्ही तेथें होतों. चिरंजीव आमच्यापाशीं, म्हणून उत्तरपूजा सूनबाईनें केली. आमच्या घराण्यांत ती पुरुषांनींच करण्याची वहिवाट. पण देवानें कांहीं हरकत घेतल्याचें दिसलें नाहीं.

तिसऱ्या दिवशीं आम्हांस रक्ताची एक पिशवी द्यावी लागली. तिच्यावर गट होता, क्रमांक होता. नांव नव्हतें, आडनांव नव्हतें. थेंबाथेंबानें कोणा अनोळखी मनुष्याचें रक्त आमच्या अंगांत उतरत असतां आम्हांस पुन्हां मातोश्रींची आठवण झाली. त्यांच्या सोवळ्यानें कितीकांस ओसरीच्या पायरीखालीं उभें ठेविलें होतें! त्यांतील कोणाच्या नातवाचें तर हें रक्त नसेल? त्या विचारासरशीं आम्ही, थट्टा करणारे सुधारक, मनांतून फार ओशाळलों. कारण त्या पायरीवर आम्ही हंसलों होतों, ती मोडली मात्र नव्हती.

आमचें सोवळें आम्हांस जगविण्यासाठीं होतें, आणि तें घरांतील सर्वांनीं आमच्याकरितां पाळलें. सोवळें माणसास जपण्यासाठीं असावें, दूर लोटण्यासाठीं नव्हे, एवढाच धडा आम्हांस मिळाला.

पुढल्या फेऱ्या यथाक्रम झाल्या. दिवाळी सुदैवानें चवथ्या फेरीच्या बऱ्या आठवड्यांत आली, आणि चकलीला चकलीची चव होती. सहावी फेरी संपल्यावर तपासणींत गांठी दिसल्या नाहींत. रोग पुन्हां येणारच नाहीं, असें डॉक्टर म्हणत नाहींत. सौभाग्यवतीही म्हणत नाहींत. त्या रोज सकाळीं सदाफुलीचीं फुलें परडींत घेतात. आम्ही आतां हंसत नाहीं. परडी धरून उभे राहतों.