ड्रॅक्युला, वेताळ आणि आम्ही

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत आजोबांच्या लाकडी कपाटातील एक जुने इंग्रजी पुस्तक आम्हा दोघी बहिणींच्या हाती लागले. पुठ्ठे सैल झालेले, पाने पिवळी पडलेली. पुस्तकाचे नाव 'ड्रॅक्युला', लेखक ब्रॅम स्टोकर. मराठी माध्यमात शिकणाऱ्या आम्हांला एवढा जाड इंग्रजी ग्रंथ झेपेल की नाही, ही शंकाच होती. परंतु एका बाजूस शब्दकोश आणि दुसऱ्या बाजूस आजोबा असल्यामुळे आम्ही धीर केला. आई तेव्हा मिरजेला मावशीकडे गेली होती. निदान आम्हांला तसे सांगण्यात आले होते. त्यामुळे रात्री उशिरापर्यंत वाचत बसलो, तरी दिवा मालवायला सांगणारे कोणी नव्हते.

ही कादंबरी १८९७ साली प्रसिद्ध झाली. रक्त पिऊन शतकानुशतके जगणारा एक सरदार ट्रान्सिल्व्हेनियातील आपला पडका किल्ला सोडून लंडन शहरात राहावयास येतो, हे तिचे सूत्र. आमची कल्पना अशी होती की, भुताची गोष्ट म्हटली म्हणजे स्मशान, वड आणि अमावास्या. येथे पाहावे तो आगगाडीची वेळापत्रके, तारा, टंकलेखन यंत्र आणि मेणाच्या नळकांड्यावर आवाज मुद्रित करणारा फोनोग्राफ! हा पिशाच्च सरदार वकिलामार्फत घरे विकत घेतो. त्यांतील एक तर लंडनच्या पिकॅडिली या गजबजलेल्या भागात आहे. मायदेशाच्या मातीने भरलेल्या पन्नास पेट्या तो सोबत आणतो, आणि त्याचा माग लागतो तो त्या पेट्या वाहून नेणाऱ्या गाडीवानांकडे केलेल्या चौकशीतून. ओसाड रानात भूत भेटले, तर माणूस त्या रानात जाणे सोडून देईल. पण ज्या रस्त्यावरून रोज जावयाचे, त्याच रस्त्यावर ते घर घेऊन राहू लागले तर काय करावयाचे? या विचाराने आम्ही दोन रात्री परसाकडील खिडकी घट्ट लावून घेतली, हे येथे प्रांजळपणे कबूल करतो.

आमची अवस्था पाहून आजोबा हसले. म्हणाले, "अगं, आपला वेताळ याहून बरा. तो रक्त मागत नाही, उत्तर मागतो." रिचर्ड बर्टन याने १८७० साली विक्रम-वेताळाच्या कथा इंग्रजीत आणल्या, तेव्हा ग्रंथाच्या नावात वेताळासाठी 'व्हॅम्पायर' हाच शब्द योजला. आम्हांला मात्र हे नाते जुळेना. गोव्यात आणि कोकणात वेताळाची देवळे आहेत. तो गावाचा राखणदार. विक्रमाच्या खांद्यावर बसून तो कथा सांगतो आणि शेवटी बजावतो की, उत्तर ठाऊक असूनही मौन धरलेस, तर तुझ्या मस्तकाची शकले होतील. लहानपणी ही अट आम्हांला केवळ गमतीची वाटे. तिचा अर्थ या सुट्टीत कळावयाचा होता.

कादंबरीतील आम्हांला सर्वांत आवडलेले पात्र म्हणजे मीना. ती शाळेत शिक्षिका असते; लघुलेखन आणि टंकलेखन शिकते; आगगाड्यांच्या वेळा तिला तोंडपाठ असतात. सर्वांच्या दैनंदिन्या, पत्रे व कात्रणे ती तारखांनुसार लावते आणि यंत्रावर एकदम तीन प्रती काढते. हे वाचताच आजोबांची कळी खुलली. ते बेळगावातील एका कचेरीत आयुष्यभर टंकलेखक होते. कार्बनचे कागद कसे लावीत आणि खालची प्रत फिकट उठू नये म्हणून बोटांनी किती जोर द्यावा लागे, हे त्यांनी आम्हांला भिंतीवर बोटे आपटून दाखविले. पुढे ड्रॅक्युला ती हस्तलिखिते आणि मेणाची नळकांडी जाळून टाकतो, पण एक प्रत तिजोरीत सुरक्षित राहते. तेव्हा आजोबा एखाद्या सेनापतीच्या ऐटीत म्हणाले, "बघा, प्रत काढून ठेवावी ती अशासाठी!"

परंतु त्याआधीच्या प्रकरणाने आम्हांला फार अस्वस्थ केले. एवढे सगळे जुळवून दिल्यावर ते शूर पुरुष ठरवितात की, यापुढे मीनाला काही सांगावयाचे नाही. हे भयंकर काम नाजूक मनाला सोसणार नाही. ते रात्री शोधावर निघून जातात, ती एकटी मागे राहते, आणि नेमक्या त्याच काळात ड्रॅक्युला तिच्यापर्यंत पोहोचतो. ती फिकट दिसते, दमते. तिच्या नवऱ्याला वाटते की काळजीने तसे झाले असेल. तीही आपली भीती त्याला सांगत नाही, कारण त्याला त्रास होईल. सगळे एकमेकांवर माया करतात, आणि त्या मायेपोटीच गप्प राहतात.

त्या रात्री आम्ही रागाने मोठमोठ्याने बोलत होतो. "तिला सांगितले असते तर ती वाचली असती!" हे वाक्य आम्ही नक्कीच दोन-तीनदा उच्चारले असेल. ओसरीवर आजोबा जागे होते. सकाळी चहाच्या वेळी त्यांनी बाबांकडे पाहिले आणि शांतपणे म्हटले, "पोरींना सांगून टाक. मला आता गप्प बसवत नाही."

आई मावशीकडे नव्हती. ती मिरजेच्या एका रुग्णालयात होती. तिच्या पोटातील गाठीची शस्त्रक्रिया चार दिवसांवर आली होती, आणि आम्ही घाबरू नये म्हणून घरातील सर्वांनी मिळून ते आमच्यापासून लपविले होते. आम्ही रडलो, बाबांवर रागावलो. मग लक्षात आले की, आईला दिसत असलेला थकवा आम्हीही पाहिला होता, आणि विचारावयाची भीती वाटली म्हणून विचारले नव्हते. मौन केवळ मोठ्यांनीच धरले होते असे नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांबरोबर आम्ही आगगाडीने मिरजेस गेलो. आम्हांला पाहताच आई प्रथम बाबांवर रागावली आणि मग म्हणाली, "बरं झालं आलात. खोटं बोलायचा कंटाळा आला होता गं."

शस्त्रक्रियेसाठी तिला दोन पिशव्या रक्त लागणार होते. तिचा गट ओ निगेटिव्ह. बाबांचे आणि काकांचे रक्त तिला चालत नव्हते. तेव्हा आम्हांला कादंबरीतील ल्यूसी आठवली. तिला वाचविण्यासाठी चार पुरुष एकामागून एक आपले रक्त देतात. कोणाचे कोणाला चालेल, हे कोणीच पाहत नाही. कारण रक्तगटांचा शोध कार्ल लँडस्टायनर यांनी लावला तो १९०१ साली, म्हणजे कादंबरीनंतर चार वर्षांनी. त्या शोधासाठी त्यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले. आज रक्तपेढीत पिशवीच्या थेंबाची रुग्णाच्या थेंबाशी गाठ घालून पाहतात, आणि मगच ती पिशवी पुढे जाते.

"आमचे घ्या," असे आम्ही तेथील परिचारिकाताईंना सांगितले. त्या हसून म्हणाल्या, "अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर या." रक्त आले ते रक्तपेढीतून. कोणी अनोळखी माणूस कधीतरी तेथे आला, हात पुढे करून पडून राहिला आणि निघून गेला. ते कोणासाठी जाणार, हे त्याला ठाऊक नव्हते. कोणाचे आले, हे आम्हांला कधीच कळणार नाही.

आई आता बरी आहे. गाठ साधी निघाली. सुट्टी संपण्यापूर्वी आम्ही कादंबरीची उरलेली प्रकरणे तिच्या अंथरुणाशेजारी बसून, मराठीत सांगत सांगत पुरी केली. शेवटी मीनाला पुन्हा विश्वासात घेतले जाते आणि तिच्याच साहाय्याने शत्रूचा माग लागतो, तेव्हा आईने समाधानाने मान हलविली.

रक्त पिणाऱ्याचे भय आता आम्हांला वाटत नाही. परसाकडील खिडकी उघडी असते. घरात मात्र एक नियम झाला आहे. कोणी काही लपवीत आहे असे वाटले, की आजोबा खाकरून एवढेच म्हणतात, "वेताळ विचारतो आहे हो!" मग ज्याला उत्तर ठाऊक असते, तो बोलतो. आणि अठरावे वर्ष कधी पुरे होते, याची आम्ही दोघी वाट पाहत आहोत.