एक शिक्षक, एक नोंद

केंद्र शासनाच्या सेवेतील प्रत्येकाचे एक सेवापुस्तक असते. वित्तीय नियमांनुसार त्याच्या दोन प्रती ठेवल्या जातात. पहिली कार्यालयप्रमुखाकडे, दुसरी खुद्द कर्मचाऱ्याकडे. दर जानेवारीत कर्मचाऱ्याने आपली प्रत कार्यालयात द्यावी आणि कार्यालयाने ती अद्ययावत करून तीस दिवसांत परत करावी, अशी तरतूद आहे. (हे किती कार्यालयांत प्रत्यक्ष घडते, हा प्रश्न सुज्ञ वाचकांनी कृपया विचारू नये.) तरतुदीमागील विचार मात्र पक्का आहे. मूळ नोंद एकच असते, दुसरी तिची प्रत असते, आणि ती जुळवून घेण्याचा महिना व जबाबदार माणूस ठरलेला असतो.

विद्यापीठांची संकेतस्थळे पाहताना मला या नियमाची आठवण होते. माझे सध्याचे वास्तव्य चंदीगडला आहे. येथील पंजाब विद्यापीठ मूळचे लाहोरचे, १८८२ सालचे. फाळणीनंतर ते विस्थापित झाले आणि पुढे चंदीगडच्या सेक्टर १४ मध्ये स्थिरावले. आज त्याचे सत्तरहून अधिक अध्यापन विभाग व केंद्रे आहेत. एवढ्या पसाऱ्याच्या कोणत्याही विद्यापीठात एकाच प्राध्यापकाची माहिती किती ठिकाणी लिहिली जाते? आस्थापना शाखेत, विभागाच्या पानावर, वार्षिक अहवालात, नॅकच्या स्वयंमूल्यमापनात, राष्ट्रीय क्रमवारीच्या तक्त्यांत, पदोन्नतीच्या अर्जात. प्रत्येक वेळी ती नव्याने टंकलिखित होते. पाच वर्षांत एकाच गृहस्थाची पाच चरित्रे तयार होतात आणि पाचही थोडीथोडी खोटी असतात.

यावर उपाय आहे, आणि तो आपल्याच देशात बऱ्यापैकी उभा राहिला आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने 'विद्वान' नावाची तज्ज्ञांची राष्ट्रीय सूची तयार केली, आणि भटिंड्याच्या पंजाब केंद्रीय विद्यापीठाच्या सहकार्याने 'आयरिन्स' ही संशोधन-माहितीची प्रणाली उभारली. शिक्षकाची रूपरेखा मध्यवर्ती ठिकाणी एकदाच ठेवावी आणि विभागाच्या पानाने ती स्वतः न लिहिता तेथून घ्यावी किंवा तिच्याकडे दुवा द्यावा, अशी ही व्यवस्था होऊ शकते. तांत्रिकदृष्ट्या यात अवघड काही नाही. अवघड भाग पुढेच सुरू होतो.

पहिली अडचण नावाची. दुवा नावाने जोडायचा म्हटले तर पंजाबात गुरप्रीत सिंग किंवा हरप्रीत कौर किती निघतील याची गणती नाही. ही नावे स्त्रीपुरुष दोघांनाही चालतात आणि बरेच जण आडनाव लावत नाहीत. आपल्याकडे तऱ्हा वेगळी. लग्नापूर्वीचे शोधनिबंध एका आडनावाने, नंतरचे दुसऱ्या, आणि मधले पाच-सहा दोन्ही आडनावांनी, असे मराठी विदुषींचे हमखास होते. संस्थांची नावेही काही कमी नाहीत. लाहोरचे पंजाब विद्यापीठ, चंदीगडचे पंजाब विद्यापीठ, पतियाळाचे पंजाबी विद्यापीठ, भटिंड्याचे केंद्रीय विद्यापीठ. इंग्रजीत लाहोर व चंदीगड यांच्यात एका अक्षराचा फरक तरी राहतो. आपल्या लिपीत तोही उरत नाही.

ग्रंथपालांना हे दुखणे जुने आहे. रंगनाथनांनी १९३४ साली प्रसिद्ध केलेल्या तालिकीकरणाच्या संहितेत भारतीय नावांचा स्वतंत्र विचार केलेला आहे. आजचा तोडगा क्रमांकाचा. २०१२ साली सुरू झालेली 'ऑर्किड' ही संशोधकांची सोळा अंकी ओळख (फुलाशी संबंध नाही) नाव बदलले, नोकरी बदलली तरी तीच राहते. चंदीगडच्या रहिवाशाला हे पटवून द्यावे लागत नाही. येथे घर क्रमांक आणि सेक्टर सांगितला की पत्र पोहोचते. मारुतीच्या देवळामागे, वाण्याच्या दुकानावर, अशा पत्त्यांवर वाढलेल्या माझ्यासारख्याला प्रारंभी ते रुक्ष वाटले होते. तेव्हा दुवा क्रमांकाने जोडावा, नावाने नव्हे.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. मध्यवर्ती रूपरेखेतील प्रकाशने बव्हंशी स्कोपस, वेब ऑफ सायन्स, क्रॉसरेफ यांसारख्या सूचींतून येतात. या सूचींत भारतीय भाषांतील नियतकालिके अत्यल्प आहेत. परिणाम असा होऊ शकतो की रसायनशास्त्राच्या तरुण व्याख्यात्याचे पान भरगच्च दिसते आणि पंजाबी किंवा मराठी विभागातील, दहा ग्रंथ नावावर असलेल्या प्राध्यापकाचे पान जवळजवळ कोरे. पूर्वी विभागाचा लिपिक निदान ग्रंथांची यादी टंकून लावत असे. हाताने भर घालण्याची सोय नव्या व्यवस्थेतही असते. पण ती घालणार कोण?

अर्थशास्त्राचा विद्यार्थी येथे प्रेरणांचा विचार करील. अचूक माहिती ही सार्वजनिक वस्तू आहे. तिचा लाभ सर्वांना, श्रम मात्र एकाचे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने पदोन्नतीसाठी गुणांकन आणले, तेव्हापासून शिक्षक कोणते रकाने भरतो आणि कोणते सोडतो हे त्याला गुण कशाचे मिळतात यावर ठरू लागले. २०१८ च्या नियमांनी ते बदलले, सवय गेली नाही. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील चौथ्या कलमानुसार अधिकारी-कर्मचाऱ्यांची निर्देशिका प्रसिद्ध करून दरवर्षी अद्ययावत करणे बंधनकारक आहे. परंतु त्या निर्देशिकेत कोण कोणता विषय शिकवतो, हे येत नाही.

आणि नेमके तेच विद्यार्थ्याला हवे असते. विदर्भातील एका परिचित कुटुंबातील मुलगी उत्तरेकडील एका विद्यापीठात संशोधनासाठी अर्ज करणार होती. विभागाच्या पानावर तिच्या विषयाचे मार्गदर्शक दिसले, सोबत त्यांच्या निबंधांची लांबलचक यादी. ती वडिलांसह दोन रात्रींचा रेल्वेप्रवास करून गेली. ते गृहस्थ निवृत्त होऊन दीड वर्ष लोटले होते. पानाचा दुवा मध्यवर्ती नोंदीशी व्यवस्थित जोडलेला होता, आणि त्या नोंदीत नवे निबंध आपोआप जमा होत होते. निवृत्तीची नोंद आस्थापना शाखेत होती, आणि ती शाखा या साखळीत कोठेच नव्हती. वडिलांनी तक्रार केली नाही. एवढ्या दूर आलोच आहोत तर अमृतसर पाहून घेऊ, असे ते म्हणाले.

म्हणून मला वाटते, मध्यवर्ती रूपरेखा जोडताना विभागाचे पान रिकामे करून मोकळे होऊ नये. निबंध-ग्रंथ शिक्षकाच्या नोंदीतून यावेत. पदनाम, रुजू होणे व निवृत्ती आस्थापनेकडून, म्हणजे जेथे वेतन निघते तेथून. आणि यंदा कोण काय शिकवतो, किती संशोधक घेऊ शकतो, हे विभागाने लिहावे. भारतीय भाषांतील ग्रंथांची भर विद्यापीठाच्या ग्रंथपालाने घालावी, कारण ग्रंथ त्याच्याच कपाटात असतात. जुळवणीसाठी जुलै ठीक. जानेवारीत सगळे सेवापुस्तकांच्या मागे असतात, निदान असायला हवेत.